मामाजींच्या इम्पालाचा टप : कामाच्या नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

सकाळी सातला मामाजींचा फोन. "तुह्या धंद्याचं काम आहे. मोटार जळाली." मला वाटलं बोअरची. जाऊन पाहतो तर इम्पाला, घरची जुनी शेव्हरोले गाडी.

गाडीची कुंडली एकदा लिहून ठेवतो, पुन्हा पुन्हा विचारायला नको. १९६५ चं मॉडेल, व्ही-८ इंजिन, स्टिअरिंग डावीकडे. लांबी जवळजवळ साडेपाच मीटर. नागपूरच्या महाल भागातल्या वाड्याच्या दरवाजातून आत घ्यायची म्हणजे दोन्हीकडे एकेक माणूस उभा करून "येऊ दे, येऊ दे, थांब" करावं लागतं. आजोबांनी ती स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या लिलावात घेतली होती. तेव्हा वकिलातींच्या जुन्या परदेशी गाड्या तिथून विकल्या जात. टप, म्हणजे वरचं घडीचं कापडी छत, मूळचा गेला, आता आहे तो इथेच शिवलेला, रेगझीनचा. मागची काच प्लास्टिकची, चेनने उघडते. टप उघडायला-मिटायला डॅशबोर्डखाली एक स्विच. तो दाबला की मागच्या सीटमागची मोटार पंप फिरवते, पंप तेल ढकलतो, तेल दोन सिलिंडर ढकलतं आणि टप उठतो. लहानपणी आम्ही पोरं हे पाहायला रांग लावायचो. आजोबा एका वेळी एकालाच स्विच दाबू द्यायचे.

आजची अवस्था: समोरच्या काचेवरचे दोन्ही खटके सोडलेले, टपाची पुढची कड काचेपासून डावीकडे चार बोटं वर, उजवीकडे जेमतेम एक बोट. म्हणजे तिरपा. वरही जात नाही, खालीही बसत नाही. स्विच दाबला की "घूंऽऽ" आवाज येतो, मग टक्, मग शांतता.

"जळाली ना?"

जळाली असती तर वास आला असता. जळलेल्या वाइंडिंगच्या वार्निशचा वास मी झोपेतही ओळखतो, वीस वर्षं कूलरच्या मोटारी भरून राहिलो आहे. आणि जळालेली मोटार घूं करत नाही. टक् आवाज सर्किट ब्रेकरचा. या लाइनवर फ्यूज नाही, ब्रेकर आहे: गरम झाला की तुटतो, थंड झाला की आपोआप जोडतो. मामाजी रात्रीपासून अर्धा तास टक् टक् करत बसले होते म्हणे.

मुदत: ८ डिसेंबर. त्या दिवशी मामेबहिणीचं लग्न. नवरानवरी कार्यालयातून उघड्या इम्पालात निघणार, असं मामाजींनी व्याह्यांना सांगून टाकलं आहे. म्हणजे तीन आठवडे, त्यातही माझे फक्त रविवार आणि संध्याकाळ.

आज मीटरवर एवढंच पाहिलं. बॅटरी १२.४ व्होल्ट. मागच्या सीटच्या फटीतून हात घालून मोटारच्या तारांवर प्रोब लावले, पोराला स्विच दाबायला सांगितलं: ९.१. म्हणजे तीन व्होल्टच्या वर वाटेत कुठेतरी खाल्ले जात आहेत. अर्थिंगचा स्क्रू गंजून तांबडा झाला होता. काढला, पॉलिश पेपरने खालचा पत्रा पांढरा केला, परत आवळला. ११.३. घूंचा सूर लगेच चढला. मोटार आता खणखणीत फिरते.

टप मात्र तसूभर हलला नाही. मोटार निर्दोष. मामाजींना ते पटलं नाही, कारण मोटार जळाली असती तर काम माझं होतं, आता कोणाचं ते कोणालाच माहीत नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळी मत टाकून थेट महाल. बोटावरची शाई ओलीच होती, नंतर तिच्यावर गाडीचं काळं चढलं, आता कोणतं कोणाचं सांगता येत नाही.

मागची सीट काढली. बसायचा भाग गुडघ्याने मागे रेटून पुढून उचलला की निघतो. पाठ दोन स्क्रूंवर आणि वरच्या हुकांवर. खाली निघालं: चाराण्याचं एक नाणं, सुपारीची पुडी, एक बांगडी (मामी म्हणाल्या माझी नाही, मामाजी गप्प), आणि पंप.

पंपाचं बूच उघडलं. बोट बुडवून बाहेर काढलं. काकवी. खरंच काकवीच, तशीच काळी-तांबडी, तशीच तार धरणारी. या काळातल्या गाड्यांच्या टपाला ब्रेक ऑइल घालत, ते जुनं झालं तरी मधासारखं असतं. यात दोन वास होते: एक ब्रेक ऑइलचा गोडसर, दुसरा गिअरच्या तेलाचा. कधीतरी कोणीतरी पातळी कमी दिसली म्हणून ऑटो गिअरबॉक्सचं लाल तेल वरून ओतलं आहे. कोणी, हे विचारून उपयोग नाही. गेल्या तीस वर्षांत या गाडीला सहा मिस्त्री लागले आणि सगळे "मागच्याने केलं" म्हणतात.

तेल तेलच ना, असं मलाही आधी वाटायचं. पण ब्रेक ऑइल खनिज तेल नाही, ते वेगळ्याच जातीचं रसायन आहे आणि त्याच्यासाठी बनवलेलं रबर खनिज तेलात फुगतं. सिलिंडरातलं सील फुगलं की पिस्टन नळीत असा बसतो जसं पावसाळ्यात दार चौकटीत. त्यात ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, पाण्याने नळी आतून गंजते. म्हणजे फुगलेलं सील, त्यावर गंज, त्यावर काकवी.

मग आज दुपारी मी एक मूर्खपणा केला, तोही लिहितो. मला वाटलं बूच उघडलं आहे तर दाब सुटला, आता टप हाताने उचलता येईल. मी आणि पोरगा दोन्ही बाजूंनी लागलो. डावीकडून करकर आवाज आला, म्हणून थांबलो. नंतर पायरीवर बसून चहा पिताना डोक्यात प्रकाश पडला. बूच टाकीचं. सिलिंडरातलं तेल टाकीत यायचं तर पंपाच्या दातांमधून यायला हवं, आणि पंप थांबला की ती वाट जवळपास बंद. दोन इंजेक्शनच्या सिरिंज नळीने जोडा, मध्ये नळी चिमटीत धरा आणि दट्ट्या दाबून पाहा. तसं.

म्हणजे मोटार कितीही चांगली असो, जोर कितीही असो, सिलिंडर टपाला जोडलेले आहेत तोवर टप हाताने उघडणार नाही. आणि उघडायला गेलो तर तेल हरणार नाही, सांगाडा हरेल.

दोन मार्ग. एक, सिलिंडरच्या नळ्यांचे नट ढिले करून तेल सांडू द्यायचं. सोपं, पण ब्रेक ऑइल रंगावर पडलं की रंग उकलतो, आणि गाडीचा रंग मागच्याच वर्षी झाला आहे. दोन, प्रत्येक सिलिंडरचा रॉड जिथे टपाच्या सांगाड्याला एका बोल्टने जोडला आहे तो बोल्ट काढायचा. मग सिलिंडर राहतील जागेवर रुसून आणि टप मोकळा. दुसरा मार्ग. बोल्ट दोनच.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

संध्याकाळी तासभर. डावा बोल्ट हलतो. उजव्याचा नट गोल झालेला.

कारण सापडलं. १४ चा पाना त्याच्यावर बसत नाही, १५ चा सैल होतो. गाडी अमेरिकन, सगळे नट इंचाचे: हा नऊ-सोळांश, म्हणजे १४.३ मिलिमीटरला थोडा कमी. कोणीतरी १५ चा लावून जोर केला आणि सगळे कोपरे घासून टाकले. गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं.

मामाजी घरातून सब्बल (पहार) घेऊन आले.

"सरक. मी पाह्यतो."

"मामाजी, नाही जी."

"काहून नाही? लग्नाची तारीख पुढं ढकलू का मी?"

मी त्यांना कमानीचा सांधा दाखवला. टपाच्या दोन्ही बाजूंना घडीच्या पट्ट्या आहेत, प्रत्येक सांध्यात रिव्हेट. एक पट्टी बोटभर वाकली की टप काचेवर कधीच नीट बसत नाही, पाणी आत येतं आणि ती पट्टी इतवारीत मिळत नाही. अमेरिकेहून मागवली तरी लग्न होऊन बारसं होईल. बारशाचं ऐकून मामी हसल्या, मामाजी नाही हसले. पण सब्बल भिंतीला टेकवली. उचलून आत नेली नाही, हेही नोंदवतो.

२४ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस टपाचा.

नऊ-सोळांशचा रिंग पाना मिळाला. कुठे, तर एका जुन्या जीपवाल्या मिस्त्रीकडे. जुन्या जीपना इंचाचेच नट, त्यामुळे या पिढीच्या मिस्त्रींच्या पेटीत हे पाने अजून असतात. विकत देईना. "संध्याकाळी परत आणून दे, नाहीतर घरी येईन," म्हणाला. पाना हातात घेतला तर दांड्यावर तारेने कोरलेली आद्याक्षरं, घासून घासून जवळजवळ पुसलेली. त्याच्या उस्तादाचा असणार.

अकरापर्यंत हात लावला नाही. गाडी ओट्यासमोर उन्हात काढून ठेवली. सकाळी रेगझीन थंडीने कडक होतं आणि प्लास्टिकची काच त्याहून कडक. तशीच घडी केली तर घडीवर कायमचा पांढरा चिरा पडतो. ऊन लागल्यावर हाताखाली कापड मऊ झालेलं कळतं, पोळीचं कणीक मुरलं की कळतं तसं.

मग क्रमाने. हे सगळं नीट लिहितो, कारण पुढच्या वेळी मी नसेन तर पोरं वाचतील.

बॅटरीचं अर्थिंग काढलं. आमच्या घरात स्विच दिसला की दाबणारे किमान चार जण आहेत, आणि कोणाची बोटं सांध्यात असताना मोटार फिरायला नको.

मागच्या काचेची चेन पूर्ण उघडून काच आत सपाट पाडली. ही पायरी विसरली तर टप मागे जाताना काच ताणली जाऊन फाटते.

टपाला खालून आधार. बोल्ट निघाल्यावर वजन कोणावर तरी येणारच, ते डोक्यावर नको. दोन लाकडी स्टुलांवर दिवाणखान्यातले लोड ठेवले. मामींनी जुन्या खोळी घालायला लावल्या.

डावा बोल्ट: तीन मिनिटं.

उजवा बोल्ट: एक तास दहा मिनिटं. नटावर रिंग पाना हातोडीने हलके ठोकून बसवला, सोडायच्या आधी एकदा आवळायच्या दिशेने ढकलला. गंजलेल्या नटाला आधी उलट बाजूने हलवलं की गंजाची पकड मोडते. पान्यावर पाईप चढवला नाही. बोल्टची मागची बाजू पोराने पकडीने धरून ठेवली होती. चार वेळा पाना निसटला, चारही वेळा माझीच बोटं. मग एकदा "कुट" असा बारीक आवाज. नट तुटला की सुटला? सुटला.

बोल्ट बाहेर ओढला तेव्हा सिलिंडरचा रॉड एका सुताने सरकला आणि थांबला. त्याला फडकं गुंडाळून दोरीने खाली बांधला, नाहीतर टप घडी होताना तो मध्ये येतो.

आता टप मोकळा असायला हवा होता. दोघे दोन बाजूंना, तिसरा मध्ये. मामाजी "एक, दोन, तीन" म्हणाले. डावी बाजू आली. उजवी नाही.

सब्बलकडे मामाजींनी पाहिलं. मी मामाजींकडे पाहिलं.

टॉर्च लावून उजव्या सांध्यात डोकं घातलं. घडीच्या दोन पट्ट्यांच्या बेचक्यात, नेमकी जिथे एक पट्टी दुसरीवर मिटते तिथे, मातीचं घर. कुंभारमाशीचं. आंब्याच्या कोयीएवढं, वर नीट बोटांचे ठसे असावेत तशा वळ्या, भोक एकच. गाडी गेली दोन वर्षं हलली नव्हती, तिला जागा आवडली. पेचकसाने टोकरलं तर पहिला थर सिमेंटसारखा. पाणी मारून पाच मिनिटं थांबलो, मग चिखल झाला आणि सुटला. आत वाळलेले कोळी निघाले, पिल्लांसाठी साठवलेले. उजवी बाजू एक बोटच का उठली होती ते कळलं. सील फुगलेलं होतंच, वरून ही पाचर.

पुन्हा एक, दोन, तीन.

आला. दोघांना पेलेल एवढंच वजन. दोन्हीकडून सारखा, सावकाश. एक बाजू पुढे गेली की सांगाडा पिळतो, म्हणून मी "थांब" म्हटलं की दोघांनी थांबायचं ठरलं होतं. मधल्याचं काम सगळ्यात महत्त्वाचं: कमानी जवळ येत जातात तसं त्यांच्यामधलं कापड बाहेर ओढत राहायचं. नाहीतर कापड कैचीत सापडतं आणि घडीवर कापलं जातं. हे काम कुशनवाल्या चाचांनी केलं. टप त्यांनीच शिवला आहे. प्रत्येक वळीला ते "आजा, आजा" म्हणत होते, कोंबडीला बोलवावं तसं.

टप मागच्या खळग्यात बसला. गाडी एकदम लहान मुलाचं डोकं भादरल्यावर दिसतं तशी दिसू लागली. वाड्यातल्या कडुनिंबाचं एक पान फिरत फिरत येऊन मागच्या सीटच्या जागी पडलं. मामाजी ते उचलायला वाकले आणि तसेच आत जाऊन बसले. मामींनी वरून हाक मारली, "जेवायचं नाही का कोणाला?" कोणी उत्तर दिलं नाही.

पाना संध्याकाळी परत दिला. मिस्त्रीने आधी पान्याचे दात पाहिले, मग माझी बोटं.

३० नोव्हेंबर, शनिवार

टप उघडला, पण बंदही हाताने करता आला पाहिजे. डिसेंबरात मावठ येत नाही असं लिहून कोणी दिलेलं नाही. सराव केला. उघडण्याचं सगळं उलट: मधल्याने कापड सोडत राहायचं, पुढची कड काचेवर आली की एकाने आतून दोन्ही खटके ओढायचे, शेवटी मागची चेन. पहिल्यांदा चौदा मिनिटं, तिसऱ्यांदा सहा. मामेभावांची दोन माणसं पक्की ठरवली, लग्नात त्यांना दुसरं काम द्यायचं नाही. नवरदेवाच्या बुटांवर लक्ष ठेवायचंसुद्धा नाही, यावर एकाने तक्रार केली.

काढलेले बोल्ट, वायसर आणि बुश डब्यात, डबा डॅशच्या कप्प्यात. डब्यावर चिकटपट्टी: "टप. फेकू नये."

फुटाळा तलावापर्यंत चक्कर मारून आलो. मामाजी परतीच्या वाटेवर थंडीने कुडकुडले, पण टप लावू दिला नाही.

८ डिसेंबर, रविवार

लग्न झालं. टप उघडा. पाऊस नाही.

फुलवाल्याने टपाच्या घडीवर टाचण्या मारून माळा लावायचा प्रयत्न केला, त्याला चाचांनी स्वतः थांबवलं. बँडच्या मागे पावलापावलाने चालताना इंजिनाचा काटा चढला, पंधरा मिनिटं बाजूला उभी केली. अक्षता आता टपाच्या खळग्यात आहेत आणि पुढची काही वर्षं निघत राहतील.

१६ डिसेंबर, सोमवार

आता खरी दुरुस्ती. दोन्ही सिलिंडर आणि पंप काढले. नळ्या सोडण्याआधी खाली बालदी, भोवती जुन्या गोणपाटांचे थर, तरी कार्पेटवर थोडं सांडलंच.

आजपासून विधिमंडळाचं अधिवेशन. सिव्हिल लाइन्सकडे बॅरिकेड, मोर्चे, त्यामुळे वाडीला जायला लांबून वळसा. वाडीत ट्रकांचं आणि जेसीबीचं काम करणारे आहेत, हायड्रॉलिक सिलिंडर त्यांच्या रोजच्या हाताखालचा. पण तिथला कारागीर आमचा सिलिंडर हातात घेऊन बराच वेळ फिरवत राहिला. जेसीबीच्या मांडीएवढ्या सिलिंडरांपुढे हा म्हणजे सायकलचा पंप. शिवाय टोकं दाबून बंद केलेली, खोलण्यासाठी बनवलेलीच नाहीत. "हे खराब झालं की नवं घ्या, असं आहे हे," तो म्हणाला. मग म्हणाला, "ठेवून जा."

(इथून पुढचं नंतर लिहिलं.) आठवड्याने फोन आला. लेथवर टोक कापून आत चुडी (आटे) पाडली आणि पितळेचं झाकण बनवून बसवलं. म्हणजे आता पुन्हा खोलता येईल. उजव्या रॉडवर गंजाचे खड्डे होते, तो घासून नवा क्रोम केला. आतलं जुनं सील त्याने पुडीत बांधून दिलं. फुगून दीडपट, बोटाने दाबलं की मऊ, जुन्या खोडरबरासारखं.

इथे एक निर्णय घ्यायचा होता. नवं सील ब्रेक ऑइलला चालणारं टाकायचं की ऑटो गिअरबॉक्सच्या तेलाला? दोन्हींना चालेल असं मधलं काही मला नको होतं, त्या मधल्यानेच घोटाळा झाला. मी ते लाल तेल निवडलं. ते पाणी ओढत नाही आणि उद्या गळालं तर रंग उकलत नाही. मग सगळंच त्याचं: सिलिंडरांची सीलं नायट्राइलची (खनिज तेलाला चालणारं रबर), पंपाच्या टाकीची गोल रिंग नायट्राइलची, रबरी नळ्या चारही नव्या. जुन्या नळ्या मी ठेवायचा विचार करत होतो, पण आतून चिंधी फिरवली तर काळं भुसभुशीत निघालं. कारागीर म्हणाला तेच बरोबर: अर्धं बदलायचं तर घरी जा.

२२ डिसेंबर, रविवार

मोटार दुकानात. एवढ्या भानगडीत हे एकच काम माझ्या जिवाचं.

कूलरची मोटार म्हणजे एक फेरी, एक दिशा, कंडेन्सर टाकला की झालं. ही वेगळी. डीसी सीरिज, आत दोन फील्ड कॉइल. एक तार लाल, एक हिरवी. स्विच एका बाजूला दाबला की एका कॉइलमधून करंट जातो आणि मोटार सुलट फिरते, दुसऱ्या बाजूला दाबला की दुसऱ्यातून जातो आणि उलट. एका वेळी निम्मं तांबं रिकामं बसतं. तांब्याची उधळपट्टी, पण स्विच केवढा साधा झाला: तीन टोकं, बस. अर्थिंग मोटारच्या अंगातूनच. म्हणून पहिल्या दिवशी तो गंजलेला स्क्रू एवढा नडला.

दोन्ही कॉइल मीटरवर सारखे. कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) काळा होता, बारीक पेपरने फिरवून उजळला, तांब्याच्या फटींतला काजळीचा गाळ करवतीच्या पात्याच्या तुकड्याने काढला. ब्रश निम्मे झिजलेले, नवे घासून बसवले. पोराला बजावलं की ही मोटार मोकळी जास्त वेळ फिरवायची नाही. सीरिज मोटारीला भार नसेल तर ती वेग वाढवतच राहते. तरी त्याने एकदा फिरवली. टेबलवरून उडाली.

५ जानेवारी २०२५, रविवार

जोडणी. रॉड टपाला न जोडता आधी नुसते सिलिंडर चालवून पाहिले. हे ठरवलं म्हणून वाचलो. स्विच दाबला, डावा रॉड बाहेर आला, उजवा आत गेला. उजव्या सिलिंडरच्या वरच्या-खालच्या नळ्या मी अदलाबदल केल्या होत्या. टप जोडलेला असता तर एक बाजू उचलली गेली असती, दुसरी ओढली गेली असती, आणि दीड महिना जो सांगाडा सब्बलीपासून वाचवला तो मी स्वतः बटण दाबून पिळला असता. हे मामाजींना सांगितलेलं नाही.

नळ्या बदलल्या. मग हवा काढणं. बुचाच्या जागी पारदर्शक नळी, तिचं टोक तेलाच्या बाटलीत बुडवलेलं. रॉड वर, खाली, वर, खाली. पहिल्या दोन फेऱ्यांत बाटलीत नुसती गुडगुड, हुक्क्यासारखी. चौथ्या फेरीला बुडबुडे बारीक, सहाव्याला बंद.

मग बोल्ट. डब्यातले दोन्ही, नवे नट, इंचाचेच. बुशला ग्रीस.

इंजिन चालू ठेवून स्विच दाबला. टप उठला, डावा-उजवा सारखे, कापड स्वतःच कमानींवर चढत गेलं, पुढची कड काचेवर येऊन टेकली. मामाजींनी पुन्हा उघडायला लावला. पुन्हा बंद. सहाव्यांदा मी म्हटलं, मोटार तापते आहे. ते म्हणाले, "तापू दे ना बे. जळाली तर तू हायस."

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. मामाजी सकाळीच टप उघडून गाडी ओट्याजवळ उभी करून आत बसले, तिळगूळ वाटायला. वर अख्ख्या महालाचे पतंग. दुपारी एक कटलेला पतंग मागच्या सीटवर पडला, पोरांनी दार न उघडता उड्या मारल्या, रंगावर दोन ओरखडे. मामाजी त्यांच्यावर ओरडले नाहीत, उलट पुढचा कोण स्विच दाबणार याची रांग लावली.

रात्री गाडीखाली पेपर अंथरून ठेवायची सवय मी लावून दिली आहे. कालच्या पेपरवर डाव्या बाजूला, सिलिंडरच्या खालच्या नळीच्या रेषेत, लाल डाग. रुपयाएवढा. जुना रुपया, आताचा नाही. उजवीकडे कोरडं.

नट पाव फेरा आवळला. नवा पेपर टाकला, तारीख लिहून.

१९ जानेवारी, रविवार

डाग चाराण्याएवढा.

आणखी आवळायचा मोह होतो, पण पितळेच्या झाकणाची चुडी आहे. पुढच्या रविवारी नट खोलून खालचं तांब्याचं वायसर बदलून पाहतो. वायसर वाडीहून आणायचं आहे. तोवर पेपर.